सहा ठोकळ्यांची तक्रार

ती तक्रार आली तेव्हा मी हसलो होतो, म्हणूनच ती मला अजून विसरता येत नाही.

मी तेव्हा गेवराई तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, बंदोबस्ताची वाटणी चालली होती. वाळूच्या गाड्यांमुळे आमची निम्मी माणसं कायम रस्त्यावरच असत. तेवढ्यात एक तरुण अभियंता बाई आल्या. एका गावात शाळेच्या दोन नव्या खोल्या बांधल्या जात होत्या, त्यावर त्यांची देखरेख होती. म्हणाल्या, "साहेब, माझे सहा ठोकळे चोरीला गेलेत."

"काँक्रीटचे?" ठाणे अंमलदारानं विचारलं. "किंमत किती लावू मॅडम?"

सगळे हसले. मीही.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं. स्लॅब टाकताना त्याच मालातून वीतभर लांबीरुंदीचे ठोकळे भरतात. ते अठ्ठावीस दिवस पाण्याच्या हौदात ठेवतात आणि मग प्रयोगशाळेत यंत्राखाली फोडतात. ठोकळा पास झाला की स्लॅब पास.

"मग हौदात आता किती आहेत?" मी विचारलं.

"सहाच. पण ते माझे नाहीत. ओल्या काँक्रीटवर मी खिळ्यानं सही करते. ही सही कुणीतरी बघून काढलीय."

त्यांनी मोबाइलमधले फोटो दाखवले. मला दोन्ही सह्या सारख्याच दिसल्या. अर्ज ठेवून घेतला, चौकशी करतो म्हणालो आणि बाहेर पडलो. दोन दिवस तो अर्ज टेबलावर पडून होता.

तिसऱ्या दिवशी बीटचे हवालदार उमापूरकडून आले. वाटेत मेंढपाळांच्या तळावर चहाला थांबले होते. म्हणाले, "साहेब, त्या बाईंच्या ठोकळ्यांची चूल मांडलीय तिथं."

बाईंना घेऊन मी लगेच गेलो. तीन ठोकळ्यांची चूल होती, तीन बाजूला पडले होते. मेंढपाळाची बायको म्हणाली, "वढ्यात पडलेलते. चुलीला बरे म्हनून आनले. पर लई कच्चे हायेत, साहेब. ह्ये बगा." तिनं अंगठ्यानं कोपरा दाबला आणि खडी सुटून हातात आली.

ठोकळा उलटा केला तर खाली बाईंची सही. तापलेले ठोकळे चाचणीला चालणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. बाजूचे तीन पंचांसमक्ष सीलबंद केले आणि हौदातले सहाही ताब्यात घेतले.

मग कामावरच्या मुकादमाला ठाण्यात बोलावलं. पन्नाशीचा, अंगानं किरकोळ माणूस. "मला काय म्हाईत? मी त्या दिशी गावाला गेलतो." तीन वेळा विचारलं, तीनही वेळा हेच. खरं सांगणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना काही विसरतो, काही नवीन सांगतो. हा शब्दाला शब्द तेच बोलत होता. पण तेवढ्यावर कुणाला आरोपी करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला शाळेवर गेलो. खोल्या उभ्या होत्या, टेकू काढलेले, फक्त गिलावा राहिला होता. ऊन रणरणत होतं, म्हणून टेबल आत खोलीतच मांडलं. मी, लेखनिक आणि दोन पंच बसलो. मुकादम मात्र बाहेर उन्हात उभा.

"आत ये की, सावलीत."

"इथंच बरं हाय, साहेब."

त्याचा सदरा घामानं भिजला होता. थोड्या वेळानं मी पुन्हा हाक मारली. त्यानं छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, तुमी बी भायेर या."

"का रे?"

"या म्हनतो ना! समदेच या!"

आम्ही सगळे उठून बाहेर आलो. तो बोलू लागला. "सिमेट निम्मंच पडलंय. पानी लई मारलं. ठेकेदार म्हनला, बाईचे ठोकळे टिकायचे न्हाईत, बदलून टाक. दुसरे चांगल्या मालाचे भरून दिले. सही मीच वढली."

"आणि इथं वर्ग भरला असता तर?"

"रोज त्येच डोक्यात यायचं," म्हणाला. "पर बोललो असतो तर काम गेलं असतं."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून स्लॅबलाच यंत्रानं भोकं पाडून आतले नमुने काढले आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत पाठवले. हौदातले ठोकळे उत्तम निघाले. स्लॅबचे नमुने आणि बाईंचे तीन ठोकळे, दोन्ही नापास. एकाच दिवशी, एकाच मालातून केल्याचं दाखवलेल्या वस्तूंत एवढा फरक पडूच शकत नव्हता. ठेकेदाराला अटक झाली, जामीनही झाला. मुकादमानं न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब दिला. खटला अजून चालू आहे. दोन्ही खोल्या पाडून नव्यानं बांधल्या.

आम्हा पोलिसांना गुन्हा घडल्यावर पोचायची सवय. रक्त, फुटलेलं कुलूप, रडणारी माणसं दिसली की आम्ही पळतो. त्या बाई काही घडायच्या आधी आल्या होत्या, म्हणून मला त्यात गुन्हा दिसलाच नाही. तेव्हापासून तक्रार कितीही विचित्र वाटो, मी आधी तक्रारदाराबरोबर जागेवर जाऊ लागलो. हाताखालच्यांनाही तेच शिकवलं. तो मेंढपाळ दोन दिवस आधी तळ हलवून पुढं गेला असता, तर पुरावाही त्याच्या मागं गेला असता.

निवृत्त व्हायच्या आठवड्यात मी बाईंना फोन केला आणि त्या दिवशी हसल्याबद्दल माफी मागितली.

त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही हसलात, पण अर्ज घेतलात. त्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. तिथं कुणी हसलं नाही आणि अर्जही घेतला नाही."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.