बाजेवर धुतलेली दोन माणसं

मी अग्निशमन दलात आहे, पण आगीला कधी फार भ्यालो नाही. आग दिसते, तिच्यापासून लांब सरकता येतं. त्या दिवशी तेलंगणातल्या इचोड्याच्या अलीकडे हायवेवर उलटलेला टँकर मात्र तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा होता.

मे महिना, भर दुपार. फुटलेल्या टँकरमधून पांढरी वाफ निघत होती आणि ड्रायव्हर केबिनपाशी पालथा पडला होता. त्याचा पाय मोडलेला. चालत बाहेर येणं शक्यच नव्हतं. आमच्या साहेबांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वाफ येणार नाही अशा जागी, गाडी लावली. शेजारच्या ढाब्यावरून नायलॉनच्या पट्ट्यांच्या दोन बाजा आणल्या. ज्याला उभं राहता येत नाही त्याला आडवंच धुवावं लागतं, आणि बाजेतून पाणी खाली निघून जातं.

ड्रायव्हरला आणायला दोघं गेले. त्यांतले एक आमचे दादा. ते माझ्याच गावचे, तामसीकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. स्टेशनात सगळं बोलणं तेलुगूत चालायचं, मराठी आम्ही दोघंच बोलायचो. अंगात रबरी सूट, तोंडावर मास्क, पाठीवर हवेचं सिलिंडर. स्ट्रेचर घेऊन ते वाफेतून बाहेर आले आणि मला हायसं वाटलं. तेवढ्यात दादांचे गुडघे दुमडले. रस्त्यावरून वाहत आलेल्या तेजाबातच ते आडवे झाले.

धुवायच्या कामावर असल्यामुळे मीही सूटमध्येच होतो. मी आणि माझा जोडीदार धावलो, सिलिंडरच्या पट्ट्यांना धरून त्यांना ओढत बाजेवर आणलं. बाकीच्यांनी ड्रायव्हरला दुसऱ्या बाजेवर घेतलं होतं; त्याचे कपडे कापून ते त्याच्यावर पाणी सोडत होते. तो हिंदीत ओरडत होता, "आँख! मेरी आँख!" दादांचा मात्र काहीच आवाज नव्हता. आणि त्यांच्या सिलिंडरची शिट्टी वाजायला लागली. हवा संपत आली की ती वाजते.

माझा हात आपोआप त्यांच्या मास्ककडे गेला.

जोडीदाराने मनगट पकडलं आणि तेलुगूत ओरडला, "आधी पाणी!" बरोबर होतं त्याचं. धुवायच्या आधी मास्क काढला असता तर सूटवरचं तेजाब थेट तोंडावर, श्वासात गेलं असतं. ट्रेनिंगमध्ये आम्ही हे एकमेकांवर करून पाहिलं होतं, हसत हसत. आता मी पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला.

डोक्यापासून पाणी सोडलं. मास्कच्या कडा, मान, छाती, पाय. मग कुशीवर वळवून पाठ. मी मास्कच्या आतून बडबडत होतो, "दादा, झालंच. दादा, जराक थांबा." त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. जोडीदार मानेपासून सूट कापू लागला. जाड रबर, कात्री अडायची. कात्री कमरेपर्यंत आली आणि शिट्टी बंद पडली. हवा संपली होती.

तेवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. उरलेला सूट आम्ही अक्षरशः फाडला, उलटा गुंडाळत खाली सोलला, मास्कवर पुन्हा पाणी ओतलं आणि मग तो काढला. चेहरा लालभडक, ओठ कोरडे. मी गालावर चापट मारली. एकदा. दुसऱ्यांदा. मग त्यांनी मोठ्ठा श्वास घेतला आणि खोकले.

तेजाबाने त्यांना काही केलं नव्हतं. सूटमधल्या उष्म्याने ते पडले होते. ड्रायव्हर वाचला, पण त्याच्या एका डोळ्याची नजर गेली असं पुढे साहेबांकडून कळलं.

तिसऱ्या दिवशी मी दादांना भेटायला दवाखान्यात गेलो. ते उठून बसले होते.

"लय भेला होता म्हणे तू?"

"भेलो ना. तुमी आत जाताना भेले नव्हते काय?"

त्यांनी सलाइनची नळी बाजूला सारली. "भेलो होतो रे. म्हणून तर घाई केली. सावकाश चाललो असतो तं पडलो नसतो."

मग त्यांनी मला जवळ बसवलं आणि घरी फक्त ऊन लागलं असं सांगितलंय, यातलं काही सांगू नको म्हणाले. पण वहिनींना ते आधीच कळलं होतं. त्या दाराबाहेर उभ्या राहून रडत होत्या.