आऊट म्हण

भाग्यश्री नांदेडहून हिंजवडीत आली ती सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायला. पगार त्याचाच आणि स्वभावही तोच. आमच्या हौशी टेनिस स्पर्धेत पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. त्यावरून ती आणि तिची नेहमीची प्रतिस्पर्धी शालू वर्षानुवर्षं कडाकडा भांडल्या.

कोविडमध्ये भाग्यश्रीचा नवरा इंद्रजीत गेला. खडकीच्या कोर्टावर स्पर्धा पुन्हा भरली तेव्हा ती आली. घरीदारी सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत. इथे तरी कुणी भांडेल, एवढ्याच आशेवर आली.

तिचा पहिलाच फटका रेघेच्या वीतभर बाहेर पडला.

"आत," शालू म्हणाली.

पुढचा तर हातभर बाहेर.

"आत. पॉइंट तुझा."

बाकावरच्या आम्ही शहाण्यांनी टाळ्याही वाजवल्या.

भाग्यश्री जाळीपाशी गेली. "शालू, आऊट होता. आऊट म्हण ना गं." भीक मागावी तसा आवाज.

"जाऊ दे. खेळ तू."

मग भाग्यश्रीने सर्व्हिसचा चेंडू सरळ कुंपणावरून रस्त्यावर मारला.

शालूने खिशातून दुसरा काढून तिच्याकडे टाकला आणि हळू आवाजात म्हणाली, "तो नाही मोजायचा. पुन्हा सर्व्हिस कर."