शाळेच्या पटांगणातलं धान

नातवंडांनो, आपल्या शेजारणीचं नाव लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही. हिवाळ्यात ती, मी शिकवायचे त्या शाळेच्या पटांगणात धान वाळवते आणि दिवसभर कोंबड्यांशी भांडते. "काऊन येऊन राहिली वं? तुह्या बापाचं आहे का?" माणसांशीही तिचा सूर तोच. मी तिला जरा भीतच असे.

तुमच्या आजोबांना लकवा झाला तेव्हा डॉक्टरांनी नागपूरला न्यायला हेलिकॉप्टर मागवलं. उतरायला जागा म्हणजे तेवढं पटांगणच होतं आणि धान पोत्यांत भरायला वेळ नव्हता. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"मले काय पाहून राहिले? येऊ द्या त्याले!" असं म्हणून तिने आधी कोंबड्या हाकलल्या.

हेलिकॉप्टर खाली आलं तसं धान उधळलं. आजोबांना घेऊन ते दूर गेलं, तरी उन्हात सोनेरी भुसा तरंगत होता, आणि सावकाश आमच्या केसांवर उतरत होता.

संध्याकाळी ती गवतातून दाणे वेचत होती. मी शेजारी बसले.

"मॅडम, तुमी घरी जा. फोन येऊन राहिला असन."

घरी पोचले तोच फोन आला. आजोबांनी जड जिभेने माझं नाव घेतलं. मी धावत जाऊन तिला सांगितलं.

"मंग बसा आता," ती म्हणाली आणि सूप माझ्याकडे सरकवलं.