लंडनच्या जनावराचे डोळे

माझा नवरा बोटीवर इंजिनखोलीत कामाला होता. समोर मी त्याला अहो-जाहो करत असे. इथे करणार नाही. का, ते पुढे कळेलच.

पहिल्या सफरीवरून येताना इतरांसारखे साबण नि अत्तर न आणता त्यानं एक जनावर आणलं. वीतभर उंच, दोन पायांवर उभं, जाड शेपटीचं, तोंड वासलेलं आणि शिशासारखं जड. "डायनासोर म्हणतत ह्येका. माणसाच्या आधी होती ही जनावरां," तो म्हणाला. सासूबाईंनी नाक मुरडलं. "घोरपड ती घोरपड. देवासमोर ठेवू नको हां."

मी ते खिडकीतल्या फळीवर ठेवलं. मला ते आवडेल हे त्याला ठाऊक होतं, कारण माझं माहेर गणपतीच्या शाळेचं. शाळा म्हणजे मूर्ती करायची जागा, आमच्याकडे तिला शाळाच म्हणतात. वैभववाडीकडे, घाटाच्या पायथ्याशी बाबांची शाळा होती. मूर्ती हातात घेतली की बाबा आधी प्रमाण बघायचे, मग घडण, मग रंग, आणि शेवटी डोळे. डोळ्यांची आखणी लग्नाआधी माझ्याकडे होती. धाकट्या भावाला ती मीच शिकवली. लग्न होऊन मी आचऱ्याला आले आणि कुंचला त्याच्या हातात गेला.

दुसऱ्या खेपेला तीन शिंगांचं जनावर आलं. त्या भाऊबीजेला भाऊ आला, तेव्हा दोन्ही पुढ्यात घेऊन आम्ही बसलो. दोष काढण्यात मी पटाईत. शिंगवाल्याचं डोकं धडाला झेपत नव्हतं, पुढचे पाय आखूड होते. खवले मात्र झकास, एकेक वेगळा उठलेला. पण साच्याची शिवण पोटावर तशीच राहिली होती, जिभेचा लाल रंग ओठांबाहेर ओघळला होता, आणि डोळे म्हणजे नुसत्या टिकल्या चिकटवलेल्या. "जनावर बघत नाय रे," मी म्हटलं. "नुसतां उभां आसा." भाऊ हसला. मग दोरी घेऊन त्यानं दोन्ही जनावरं डोक्यापासून शेपटीपर्यंत मापली. मला त्याचं कौतुकच वाटलं.

त्यानंतर नवरा तिसऱ्या सफरीवर गेला. त्या पावसाळ्यात समुद्र असा खवळला की माडांचे शेंडे वाकून अंगणाला लागतात की काय असं वाटे. मी देवळात जाऊन कौल लावला. मूर्तीला लावलेली फुलाची पाकळी उजवी पडली, म्हणजे कौल शुभ. गुरव म्हणाले, "सुखरूप आसा. काळजी करू नको." तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. तो घरी येईपर्यंत मासे खाणार नाही, असं मी देवाला बोलले. मासे सोडणं म्हणजे काय ते आमच्या किनाऱ्यावरच्या माणसालाच कळेल. सासूबाई बांगडे तळायच्या आणि मी शेजारी बसून डाळभात गिळायची. त्या वर्षी माहेराहून न्यायला कोणी आलं नाही, भाऊबीजही सुनी गेली. शाळेत काम फार आहे, असा भावाचा निरोप आला. मीही तो खरा मानला.

थंडी सरता सरता नवरा आला. मी हसावं की रडावं ते मला कळेना. त्या दिवशी सुरमईचं कालवण केलं आणि पोटभर जेवले. जेवणं झाल्यावर त्यानं पिशवीतून लांब मानेचं जनावर काढलं. "लंडनाक घेतलंय. ह्या टायमाक लाकडाचां गावलां."

मी ते घेऊन खिडकीशी बसले. माप पहिल्या दोघांशी तंतोतंत जुळत होतं. मान लांब असूनही तोल शेपटीनं छान सांभाळला होता. पोटावर शिवण नव्हती. जिभेचा रंग जिभेवरच होता. मी जे जे दोष काढले होते, त्यातला एकही त्यात नव्हता. इतकं नेमकं कसं, म्हणून मी ते उजेडाकडे वळवलं, आणि ते माझ्याकडे बघू लागलं. पापणीची काळी रेघ बाहेरून आत आलेली, कोपऱ्यात लालसर छटा, डाव्या डोळ्याची छटा किंचित लांबलेली. मी शिकवताना कितीदा टोकलं, तरी डाव्या डोळ्याला भावाचा हात तसाच घसरायचा.

नवरा ओसरीवर सुपारी कातरत होता. मी जनावर त्याच्यासमोर ठेवलं.

"माझो भाव लंडनाक कधी गेलो?"

त्याचा अडकित्ता थांबला. मग एकेक बाहेर आलं. बोटीवर पडून त्याचा खांदा दुखावला होता, कंपनीनं मुंबईत उतरवून दिलं होतं. आईला तोंड कसं दाखवू, म्हणून तो घरी न येता माझ्या माहेरी गेला. सबंध पावसाळा आणि थंडी तो बाबांच्या शाळेत एका हातानं माती मळत होता. घरी परतायची वेळ आली तेव्हा लंडनहून आणल्यासारखं दिसावं म्हणून भावानं ते जनावर लाकडात कोरून, रंगवून दिलं. कौल खरा होता. तो सुखरूपच होता, घाटाच्या पायथ्याशी, माझ्या आईच्या हातचं जेवत. बाजारातून सुके बांगडे आणून आई त्याला भाजून वाढायची.

नवऱ्याची लाज मी समजू शकले. पुरुषाची जात, पडला तरी नाक वर. पण माझं माहेर? आई, बाबा, भाऊ, सगळे एका पंगतीला बसले आणि मला तेवढं बाहेर ठेवलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. सांगायचं तरी कोणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

पुढच्या आठवड्यात भाऊ मला न्यायला आला. मी गेले नाही. पडवीत उभी राहून वाटेल ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता. "तुका कळलां असतां तर सासयेक कळलां असतां, ताय. भावोजीन शपथ घातलेली," एवढंच म्हणाला. मी आत वळणार, तेवढ्यात त्यानं फळीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पण डोळे कशे झाले?"

माझ्या तोंडावर खोटं आलं होतं. रंग कच्चा आहे, मान मोडकी आहे, काहीही म्हणता आलं असतं. पण बाबांच्या शाळेत कामाविषयी खोटं बोलायला शिकवलेलं नव्हतं.

"बरे झाले," मी म्हटलं. "आता बघता तां."

त्याचा चेहरा फुलला. इतकं सुरेख काम त्यानं आधी कधी केलं नव्हतं आणि पुढेही त्याच्या हातून झालं नाही. ते त्यानं मला फसवण्यासाठी केलं होतं. नवऱ्याला मी कालांतरानं माफ केलं, आईबाबांनाही केलं. भावाच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी अजून माफ केलेला नाही.