सोयीचा माणूस

झेरॉक्सकाकांना कुणाला नाही म्हणणं कधी जमलंच नाही. दुपारी शटर अर्धं खाली आलेलं असताना कुणी वाकून "काका, एकच पान" म्हटलं, की शटर पुन्हा वर जायचं आणि त्या एका पानाचं पुस्तक व्हायचं. घरी बायको जेवायची थांबायची. पुढे पुढे तिने थांबणं सोडून दिलं.

त्यांचं दुकान विद्यापीठाच्या संवादशास्त्र विभागाच्या अगदी समोर होतं. दोन मशीन, बाइंडिंगचं टेबल, एक डुगडुगणारं स्टूल आणि सगळ्यावर टोनरची बारीक काळी भुकटी. समोरच्या विभागात शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक संशोधन करावं लागे. लोक बातम्या कुठून मिळवतात, जाहिरातींवर विश्वास ठेवतात का, घरात रिमोट कुणाच्या ताब्यात असतो, असलं काहीतरी. त्यासाठी शहरभर हिंडून नाना तऱ्हेच्या लोकांच्या मुलाखती घ्याव्यात, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याला हिंडायचं नव्हतं. बाहेर ऊन मी म्हणत असे, आणि अनोळखी माणसं तोंडावर दार लावत. काका कसे लावणार? त्यांच्या दुकानाला दारच नव्हतं.

"काका, दहा मिनिटं आहेत?"

"बस ना. पंखा लावू?"

मुलाखत द्यायची काकांची एक स्वतःची पद्धत होती. प्रश्न ते कानाने ऐकत, पण उत्तर समोरच्याच्या चेहऱ्यावरून उचलत. विचारणाऱ्याची भुवई जरा आक्रसली, की वाक्याच्या मधूनच ते गाडी वळवत. एका मुलीने विचारलं, "मोबाइल आल्यापासून तुमचं वाचन कमी झालंय, असं नाही का वाटत?" बिचारी इतक्या आशेने बघत होती, की काका म्हणाले, "कमी? अगं, बंदच पडलंय!" त्याच आठवड्यात एका मुलाला वाचन टिकून असल्याचं दाखवायचं होतं. त्याला काकांनी आपण रोज तीन वर्तमानपत्रं वाचतो असं सांगितलं, अग्रलेखासकट. एकाला टीव्हीपायी नवरा-बायकोत अबोला हवा होता. काकांनी तोही दिला, वर डोळे पुसले.

हे बायकोच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "भाजी कशी झालीय विचारलं तर तोंडातून 'बरी' एवढंच निघतं. आणि त्या पोरांपुढे तासभर तोंडाचा पट्टा?"

"अगं, त्यांच्या मार्कांचा प्रश्न असतो."

"आणि माझ्या भाजीचा नसतो?"

पुढे काकांच्या एकुलत्या एका मुलीने त्याच विभागात प्रवेश घेतला. काकांची छाती अशी फुगली, की मशीनच्या मागच्या बोळातून त्यांना अंग तिरकं करून जावं लागायचं. मुलीने शेवटच्या वर्षी विषयही मोठा घेतला. या भागातल्या लोकांच्या बातम्या मिळवण्याच्या सवयी गेल्या काही वर्षांत कशा बदलल्या, हा. आधीच्या मुलांनी घेतलेल्या मुलाखती विभागाच्या ग्रंथालयात होत्या. त्या एकमेकींशी ताडून बघायच्या. मुलाखत देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचा नियम असल्याने सगळीकडे नुसतं 'एक मध्यमवयीन दुकानदार' असंच लिहिलेलं होतं.

काही महिन्यांत मुलगी हरखून गेली. "मॅडम, दुकानदार वर्गात केवढी उलथापालथ चाललीय! एका वर्षी सगळे पेपर वाचतात, दुसऱ्या वर्षी कुणीच वाचत नाही, तिसऱ्या वर्षी पुन्हा सगळे!" तिच्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा नीट वाच."

तिने नीट वाचलं. एका मुलाखतीत वाक्य होतं, "म्हणजे तसं म्हटलं तर तसं, नाहीतर नाही." दुसरीत तेच. तिसरीतही तेच. हे वाक्य ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती.

ती रस्ता ओलांडून थेट दुकानात आली. "बाबा, आमच्या विभागातल्या मुलांना तुम्ही कधी मुलाखत दिलीय?"

काकांनी सवयीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहऱ्याला 'नाही' हवं होतं. "छे," ते म्हणाले.

"बाबा!"

"म्हणजे तसं म्हटलं तर दिली, नाहीतर..."

मुलगी मटकन स्टुलावर बसली. "किती जणांना?"

"सगळ्यांनाच की. एकाला द्यायची आणि दुसऱ्याला नाही, हे बरं दिसतं का?"

"माझा अख्खा दुकानदार वर्ग म्हणजे तुम्ही एकटे आहात! सोमवारी माझी तोंडी परीक्षा आहे. प्रकल्प गेला म्हणजे वर्ष गेलं."

काकांच्या हातातला कागदांचा गठ्ठा तसाच राहिला. इतकी वर्षं लोकांच्या पोरांना पास करता करता आपण आपल्याच पोरीला नापास केलं, हे त्यांच्या डोक्यात हळूहळू शिरलं. त्यांनी मशीन बंद केलं, शर्टावरची भुकटी झटकली आणि मुलीच्या मागोमाग मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. "चूक माझी आहे. हिला काही बोलू नका."

मॅडमनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून पोटभर हसल्या. "याला आमच्याकडे सोयीचा नमुना म्हणतात. शोधायचे कष्ट नकोत म्हणून हाताशी सापडेल त्याला धरायचं." मग त्या गंभीर झाल्या. "जुना विषय संपला. पण विचारणारा बदलला की उत्तर कसं बदलतं, हा नवा विषय तुझ्या हातात आहे. फक्त ताडून बघायला यांची एक खरी मुलाखत लागेल. ती मिळाली तर सोमवारी बस. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी. आणि मुलीने बापाची मुलाखत घ्यायची नाही, ती मी घेईन. काका, तुमची संमती आहे?"

"तुम्हाला काय वाटतं, देऊ?" काकांनी विचारलं.

"बघितलंस?" मॅडम मुलीला म्हणाल्या.

घरी बायको एवढंच म्हणाली, "नमुना! हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ओळखलं होतं. त्यासाठी विद्यापीठ कशाला लागतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर खरोखर खाली आलं. मॅडम शेजारून मागून आणलेल्या खुर्चीवर, काका स्टुलावर, आणि मुलगी कोपऱ्यात पेनाचं टोपण चावत उभी. मॅडमनी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "तुम्ही बातम्या कुठून मिळवता?"

काकांनी चेहरा वाचायला घेतला. मॅडमचा चेहरा टोनर संपल्यावर मशीनमधून निघणाऱ्या कागदासारखा कोरा होता. काकांना घाम फुटला. तेवढ्यात मॅडमचं नाक जरासं हललं.

"पुस्तकांतून!" काका घाईने म्हणाले. "संवादशास्त्राच्या."

मॅडम शिंकल्या आणि रेकॉर्डिंग बंद केलं. "साफ खोटं. पुन्हा."

दुसऱ्यांदा त्यांनी रेडिओ सांगितला. घरात रेडिओ नव्हता. तिसऱ्या वेळी तर "तुम्ही म्हणाल तिथून" असं निघून गेलं. मॅडमनी घड्याळात बघितलं. मुलीने टोपण चावायचं थांबवलं, आणि ते काकांना चावण्यापेक्षा वाईट वाटलं.

ते उठले. स्टूल फिरवलं आणि मशीनकडे तोंड करून बसले. "तुमच्याकडे पाठ करतोय, राग मानू नका." तरी मशीनच्या काचेत मॅडमचं अर्धं कपाळ दिसत होतं. काकांनी झाकण खाली आपटलं. आता समोर नुसती भिंत.



"बातम्या मला बायको सांगते," ते म्हणाले. "जेवताना. तिला तिची बहीण फोनवर सांगते. मी अर्ध्याच ऐकतो. पेपर वाचत नाही. बारीक अक्षर दिसत नाही, आणि चष्मा करायचा राहूनच गेलाय. टीव्ही लावतो, पण झोप लागते."

"मग मुलांना दरवेळी वेगळं का सांगितलंत?"

"दिवसभर माणसं येतात, कागद पुढे करतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. ही पोरं मात्र समोर बसून विचारायची, काका, तुम्हाला काय वाटतं? खरं म्हणजे मला काहीच वाटत नसायचं. पण तसं सांगितलं असतं तर उठून गेली नसती का?"

मॅडमचा पुढचा प्रश्न जरा उशिरा आला. "तुमची मुलगी काय शिकते, ते तुम्हाला कळतं?"

काकांची मान आपोआप वळायला लागली.

"बाबा, मागे नाही बघायचं."

"नाही," काका म्हणाले. "कळत नाही. विचारायची लाज वाटते."

मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "सोमवारी सकाळी वेळेवर ये," त्या मुलीला म्हणाल्या आणि शटर उचलून वाकून बाहेर पडल्या.

"आता वळू?" काकांनी विचारलं.

"नको, थांबा," मुलगी म्हणाली. आवाजावरून नाक ओढल्यासारखं वाटलं. तिने खुर्ची त्यांच्या पाठीला लावली आणि बसली. "तसेच बसा. मी सांगते. समजा, एखाद्या गावाला काय वाटतं ते शोधायचंय. सगळ्या गावाला तर विचारता येत नाही. मग थोडी माणसं निवडायची, पण कशी, तर सगळ्यांना निवडलं जायची सारखी संधी मिळेल अशी." ती बरंच बोलली. मग थांबून तिने विचारलं, "कळलं?"

"नाही," काका भिंतीला म्हणाले.

तिने खुर्ची आणखी थोडी जवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.