पद्मामामींची कचेरी

"उद्या सकाळी सातास वर गच्चीवर माझी कचेरी आहे. ये गे. रिकाम्या हातानं ये."

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या त्या इमारतीत राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. जिन्यात भेटलेल्या नऊवारीतल्या बाईंनी मराठीत बोलावं याचाच धक्का मोठा होता, त्यात ही कचेरी. भाडेकरूंची काही नोंदणी असेल असं समजून मी आधार कार्ड, भाडेकरार आणि दोन फोटो घेऊन गच्चीवर गेले. तिथं सतरंजीवर पंधरा-वीस बाया बसलेल्या, तंबोरा लागलेला, मृदंग घुमतोय आणि कोपऱ्यात पातेलंभर गरम पोंगल. माझ्या हातातली कागदपत्रं पाहून त्या बाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या पद्मामामींनी, गाणं थांबवलं.

"हे काय आणलंस?"

मी सांगितलं. तमिळमध्ये कचेरी म्हणजे गाण्याची मैफल, हे मला त्या दिवशी कळलं आणि मराठीत कचेरी म्हणजे ऑफिस, हे त्यांना.

"तुमच्या कचेरीत काय करतात मग?"

"सह्या."

"अय्यो पावम!" म्हणजे अरेरे, बिचारे! त्या इतक्या हसल्या की मृदंगवाल्यानं मृदंग बाजूला ठेवला.

त्यांचे पूर्वज मराठेशाहीत महाराष्ट्रातून तंजावरला गेलेले. शाळेत गाणं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या हेलात बोललेली. 'सगळं' हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. त्या 'अस्कं' म्हणायच्या. मी नाशिकची, पेरुंगुडीच्या एका आयटी कंपनीत नोकरीला. माझी मराठी त्यांना पुस्तकी वाटायची. "बातम्या सांगतेस की बोलतेस?" असं विचारायच्या.

चेन्नईच्या दक्षिणेला कोवलम गावाजवळच्या एका जमिनीची गोष्ट त्यांच्या कानावर आली ती त्यांच्या एका विद्यार्थिनीकडून. खाडीकाठी चेल्लप्पन नावाच्या म्हाताऱ्याची पडीक खारजमीन होती. थंडीत तिथं दूरदेशीचे पक्षी उतरत. एका बिल्डरला तिथं बंगले बांधायचे होते, आणि पाणथळ जमिनी राखणाऱ्या एका लहानशा संस्थेला ती विकत घेऊन तशीच ठेवायची होती. संस्थेकडे उत्साह भरपूर होता, पैसा नव्हता. चेल्लप्पननी जानेवारीतल्या पोंगलच्या सणापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं.

"गाण्याचा उत्सव करून पैसे जमवू. तीन दिवस," मामी म्हणाल्या.

संस्थेतल्या पोरांना वाटलं, या मोठ्या पक्षीप्रेमी असणार. एकानं त्यांना पक्ष्यांचे फोटो दाखवले. मामींनी चष्मा लावून ते नीट पाहिले. "बाळा, मला दोनच कळतात. एक कावळा आणि एक कावळा नव्हे तो."

मग हा खटाटोप कशासाठी, असं मी त्यांना विचारलं. त्या भाजी चिरत होत्या. सुरी न थांबवता म्हणाल्या, "माझी सासू सांगायची, आपण राहतो इथं पूर्वी मोठं तळं होतं. बुजवलं नि घरं बांधली. म्हणून पाऊस झाला की पाणी तळमजल्यात येतं. चोर नव्हे ते, आपलं घर शोधत येतं. आम्ही तळ्याच्या छातीवर बसून इडली खातो, कण्णा, माझ्या बाळा. कुठं तरी थोडी जागा पाण्यास परत द्यावी की नको?"

डिसेंबरात चेन्नईत सभागृह मिळणं अशक्य. सगळीकडे संगीताचा हंगाम. पण मामींचं डोकं वेगळं चालायचं. मार्गळी या तमिळ महिन्यात इकडे लग्नं होत नाहीत, त्यामुळे मंगल कार्यालयं ओस पडलेली असतात. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं कार्यालय होतं. ते त्यांनी फुकट मिळवलं. गवयांच्या आधी त्यांनी आचारी ठरवला. "लोक आधी नाकानं येतात, मग कानानं," त्या म्हणाल्या. तसंच झालं. पहिल्या संध्याकाळी डोश्याच्या रांगेतली माणसं आत शिरली आणि शेवटपर्यंत बसली.

चेल्लप्पननाही त्यांनी पहिल्या रांगेत आणून बसवलं. बिल्डर त्यांच्याकडे रोज चकरा मारत होता, त्यामुळे त्यांना गाणं आवडावं म्हणून आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो. ते दहा मिनिटांत घोरू लागले! संस्थेतल्या पोरांचे चेहरे पडले. मामींनी मात्र स्वतःची शाल घडी करून त्यांच्या मानेखाली सरकवली. "झोप लागली म्हणजे सूर लागला. उगा काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी चेल्लप्पन बायकोला घेऊन आले आणि जागे राहिले. तिसऱ्या दिवशी मामींनी त्यांना मंचावर बोलावलं आणि मोठ्या गवयांना पांघरतात तशी जरीची शाल त्यांच्या खांद्यावर घातली. म्हातारा गोंधळला. माइक हातात आला तेव्हा तमिळमध्ये म्हणाला, "या जमिनीत काही पिकत नाही म्हणून माझ्या बापानं आयुष्यभर तिला शिव्या दिल्या. तिच्यासाठी कुणी गाईल असं त्याला कधी वाटलं नसतं." मग त्यानं माइक मामींच्या हाती दिला.

पैसे जमले, पण सगळ्या जमिनीपुरते नाहीत. चेल्लप्पनना दोन मुलांची घरं उभी करायची होती. त्यांनी पाण्याकडची अर्धी जमीन संस्थेला दिली आणि रस्त्याकडची बिल्डरला. पोरं हिरमुसली. मामी त्यांच्यावर कडाडल्या, "पाणी कुठं आहे? खाली. पाखरं कुठं उतरतात? खाली. वरचं घेऊन काय करणार होता, क्रिकेट? पोदुम! पुरे झालं. अस्कं मिळालं नाही म्हणून मिळालेलं रडत घेऊ नये."

उत्सव मग दर वर्षी होऊ लागला. संस्थेनं जमिनीभोवती कुंपण घातलं, राखणदार नेमला. तीन वर्षांनी मामींचे गुडघे जिने चढेनात, तेव्हा मुलगी त्यांना बंगळुरूला न्यायला आली. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना बसनं कोवलमला घेऊन गेले. एवढ्या वर्षांत त्यांनी ती जागा पाहिलीच नव्हती.

उथळ पाण्यात गुलाबी पायांचे, काळ्या पंखांचे पक्षी शांतपणे चरत होते. मामींनी चष्मा लावून ते नीट पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "कावळा नव्हे."

मी मात्र मागच्या बंगल्यांकडे रागानं पाहत होते. मामींनी माझी नजर ओळखली, काठी उचलली आणि सरळ पहिल्या बंगल्याची बेल वाजवली. दार उघडणारी तरुण बाई आधी बावरली. अर्ध्या तासात आम्ही तिच्या बाल्कनीत कॉफी पीत होतो, तिची मुलगी आम्हाला पक्ष्यांची नावं सांगत होती आणि पुढच्या उत्सवाच्या स्वयंपाकघराची जबाबदारी त्या बाईनं घेतली होती.

परतताना बसमध्ये मला राहवलं नाही. "मामी, ती त्या बिल्डरच्या घरात राहते."

"हो गे. पाखरांच्या अगदी शेजारी राहत्ये," मामी म्हणाल्या. "राखायचं तर तिनंच की. तू राहतेस मांबलमात, मी चालल्ये बंगळुरास."

आणि खिडकीला डोकं टेकून त्या झोपी गेल्या.