डुकरांच्या गोठ्यातला गारवा

आमच्या बेटाच्या दक्षिणेला, पिंगतुंगच्या सपाटीवर, उन्हाळा पाहुणा म्हणून येत नाही, घरधनी होऊन राहतो. सुपारीच्या बागांतून वारा आलाच तर तापूनच येतो. दुपारच्या वेळी तुंगच्यो गावातली कुत्रीसुद्धा देवळाच्या फरशीला पोट टेकून निपचित पडतात. अशा या गावात ल्याओ श्यूमानने थंड पाण्यातली कोळंबी वाढवली, आणि तीही सासऱ्याच्या रिकाम्या पडलेल्या डुकरांच्या गोठ्यात.

ही कोळंबी खायची नव्हे, डोळे भरून बघायची. बोटाच्या नखाएवढा जीव, अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, आणि पांढरा असा की जणू घट्ट साय. तिला तेवीस अंशांचं पाणी लागतं. थोडं तापलं की ती खाणं सोडते, फार तापलं की जीव सोडते. डोंगरातले लोक तिला झऱ्याच्या पाण्यावर वाढवतात, शहरातले हौशी लोक एसीच्या खोलीत. सपाटीवर, पत्र्याच्या छपराखाली तिला वाढवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

श्यूमानच्या डोक्यात आलं, कारण तिचं उभं आयुष्य त्या गोठ्यात गेलं होतं. डुकरिणी वितात तेव्हा आईला गारवा लागतो आणि पिलांना ऊब. एकाच कुडाच्या आत दोन ऋतू सांभाळावे लागतात. एका बाजूला पंखा आणि ओलं पोतं, दुसऱ्या बाजूला लाल दिवा. लग्न होऊन आल्यापासून तिने तेच केलं. पुढे साथ आली, डुकरं गेली, गोठा ओस पडला. रिकाम्या गोठ्यात नुसतं बसवेना, म्हणून तिने भाच्याकडून एक काचेची टाकी आणली. मग दुसरी आणली. मग भिंतीला थर्माकोल लावला, छपराखाली पेंढ्याच्या चटया बांधल्या, पाणी गार करणारा जुना चिलर आणला आणि डुकरांच्या गव्हाणीवर टाक्यांच्या रांगा उभ्या राहिल्या.

पहिल्या वर्षी फजिती झाली. आमच्याकडे हिवाळ्यात उत्तरेचा गार वारा चार दिवस येतो, म्हणून हीटरही लागतो. तिने हीटर आणि चिलर दोन्ही बरोबर तेवीसवर लावले. हीटरने पाणी जरासं तापवलं की चिलर जागा व्हायचा, चिलरने जरासं निववलं की हीटर पेटायचा. दिवसभर दोघांची मारामारी चालायची. तिचा नवरा चुंग फूशेंग सुपारीच्या बागेतून आला की दारात उभा राहून ऐकायचा.

"आमान, ही यंत्रं आहेत का तुझी आई आणि माझी आई?" तो म्हणायचा; श्यूमानला तो आमानच म्हणे. "एकीने चूल पेटवायची, दुसरीने पाणी ओतायचं."

"तुझी आई कुठली ते सांग, म्हणजे तिचीच वायर काढते," ती म्हणायची.

मग तिने एक कंट्रोलर आणला आणि दोघांना त्याच्या ताब्यात दिलं. चोवीसच्या वर गेलं तरच चिलरने उठायचं, बावीसच्या खाली आलं तरच हीटरने. मधल्या जागेत दोघांनी गप्प पडून राहायचं. त्या दिवसापासून गोठ्यात शांतता नांदू लागली आणि कोळंबीने अंडी धरली.

त्यानंतर तिने एक वाण घडवला. दर पिढीतली सगळ्यात घट्ट पांढरी पोरं निवडायची, बाकीची वेगळी करायची, पुन्हा निवडायची. डोळे दुखून यायचे. अशा वर्षानुवर्षांच्या निवडीतून भिंतीकडच्या शेवटच्या टाकीत ज्या माद्या जमल्या, त्यांच्यासारखा पांढरा रंग आणखी कुठे तिने पाहिला नव्हता. तेवढा एकच कळप होता. तो गेला असता तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला तिच्यापाशी आयुष्य उरलं नव्हतं.

हाच कळप ती पहिल्यांदा काओश्युंग शहरातल्या कोळंबीच्या प्रदर्शनात नेणार होती. आदल्या दिवशी दुपारी ती जेवण आटोपून गोठ्यात आली आणि उंबऱ्यातच थबकली. शेवटच्या टाकीच्या कंट्रोलरवर चिलरचा हिरवा दिवा जळत होता, पण चिलरची घरघर ऐकू येत नव्हती. आकडा सव्वीसवर होता.

तिने हात पाण्यात घातला. हाताने आकड्याला दुजोरा दिला. पोटाशी अंडी धरलेल्या माद्या तळ सोडून वर आल्या होत्या आणि पाणी पडतं त्या तोंडाशी दाटीवाटीने बसल्या होत्या. एवढ्यात चिलर घरघरला, तिचा जीव भांड्यात पडला, आणि थोड्याच वेळात तो धाप लागल्यासारखा थरथरून पुन्हा बंद पडला.

फूशेंग तिच्या मागोमाग आला होता. "काय झालं?"

"पाणी तापतंय."

"थांब, रस्त्यावरच्या सुपारीच्या टपरीवरून बर्फ आणतो. बादलीभर ओतला की झालं."

"बर्फाचं नाव काढू नकोस. एकदम गार पडलं तर घाबरून कात टाकतील, आणि कातीबरोबर अंडी जातील. पंखा आण. डुकरिणींचा मोठा पंखा."

त्याने पंखा आणला. तिने टाकीवरची काच काढली आणि वारा पाण्याच्या अंगावरून सपाट वाहील असा पंखा लावला. ओल्या अंगाला वारा लागला की गार वाटतं, तसंच पाण्यालाही वाटतं. आकडा सव्वीसच्या थोडा वर जाऊन थांबला. खाली येईना, पण चढेनाही. तिला तेवढीच सवड हवी होती.

ती शोधायला लागली. सेन्सर पाण्यात नीट बुडालेला होता. पंप चालू होता. गाळणी स्वच्छ होती. नळी कुठे मुडपलेली नव्हती. शेजारची चौथी काकू दारातून डोकावली आणि म्हणाली, "अगं, सातवा महिना आहे. पितरं मोकळी फिरतायत. एखादं येऊन बसलं असेल गारव्याला."

"बसू दे, काकू. पण त्याला म्हणावं, मशीनला हात लावू नको."

शेवटी तिने चिलरच्या अंगाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तव्यासारखा तापला होता. ती वाकून भिंतीकडच्या बाजूला बघू लागली. तिथे, गरम वारा जिथून बाहेर पडतो त्या जाळीवर, खाऊची एक भली मोठी हिरवी पुडी चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्की बसवलेली होती.

आमच्या मुलखात मशीन नीट चालावं म्हणून त्यावर मक्याच्या एका खाऊची पुडी ठेवतात; त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा. हिरवीच हवी, आणि तारीख उलटलेली नको, नाहीतर मशीन रुसतं. कारखान्यात ठेवतात, दवाखान्यात ठेवतात, श्यूमानच्या गोठ्यातही प्रत्येक चिलरच्या डोक्यावर एक असतेच. मात्र डोक्यावर. जाळीवर नव्हे.

ती सावकाश उठली. "म्हाताऱ्या, ही कुणी लावली?"

फूशेंगने पुडीकडे पाहिलं, मग छपराकडे. "जुनीची तारीख संपली होती. सकाळी बदलली. उद्या एवढं मोठं काम, म्हणून सगळ्यात मोठी आणली. डोक्यावर राहत नव्हती, थरथरून पडत होती."

"म्हणून नाकावर बांधलीस."

"मला वाटलं, समोर असली की त्याला दिसेल."

चौथी काकू पदर तोंडावर धरावा तसा हात धरून हसू लागली. श्यूमानला हसावं की ओरडावं कळेना. तिने चिकटपट्टी सोडवली, पुडी फाटू न देता काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. जाळीतून भट्टीसारखा वारा बाहेर आला. तिने चिलर निवू दिला, आणि मग तो घरघरला तो घरघरतच राहिला.

खरं काम यानंतर होतं. चिलरला मोकळं सोडलं असतं तर त्याने पाणी एका दमात तेवीसवर ओढलं असतं, म्हणजे बर्फ ओतल्यासारखंच. तिने कंट्रोलरचा आकडा आधी वर नेला, पाण्याच्या जवळ. मग स्टूल ओढून बसली. पाणी तिथे स्थिरावलं की आकडा अर्ध्या अंशाने खाली आणायचा, पुन्हा वाट बघायची. फूशेंग बागेत गेला नाही. तोही डुकरांच्या जुन्या गव्हाणीच्या काठावर बसून राहिला, पुडी मांडीवर घेऊन. मोठी मादी अजून पाणी पडतं त्या तोंडाशीच पाय झाडत होती. ती कात टाकते की काय, एवढ्याकडेच श्यूमानची नजर होती. उन्हं सुपारीच्या शेंड्यांवर गेली तेव्हा ती मादी तळाशी उतरली, पोटाशी सगळी अंडी जशीच्या तशी, आणि शेवाळ चाखायला लागली.

"खातेय," फूशेंग हळूच म्हणाला.

"खाणारच. आमच्या गावची आहे."

दुसऱ्या दिवशी काओश्युंगच्या प्रदर्शनात त्या कळपापुढे गर्दी हटेना. परीक्षकांनी पहिला नंबर दिला. नानतौच्या डोंगरातले फान नावाचे एक जुने पैदासकार बराच वेळ भिंग लावून पाहत होते. ते वळून म्हणाले, "बाई, असा पांढरा मी माझ्या झऱ्यावर काढू शकलो नाही. तुमची जागा किती उंचीवर आहे?"

"उंचीवर कुठली? पिंगतुंगच्या सपाटीवर. समुद्र जवळच आहे."

"चेष्टा करता. मग झरा कुठला?"

"झरा नाही, विहीर आहे. घर म्हणाल तर डुकरांचा गोठा."

फान यांनी फूशेंगकडे पाहिलं, हा तरी खरं सांगेल म्हणून. फूशेंगने ताठ मानेने होकार दिला. आयुष्यात इतक्या ताठ मानेने त्याने लग्नातही होकार दिला नसेल.

"मग मला यावंच लागेल बघायला," फान म्हणाले. "गारवा पडला की येतो, हिवाळ्यात."

"हिवाळ्यात काय बघाल?" श्यूमान म्हणाली. "याच महिन्यात या. आणि भर दुपारी या."